भेदक तेच घातक काय?



वैशाखातल्या या उकाड्यात घरचे पन्हे आणि अंगणातला वारा सोडून आपण अणूच्या किरणांविषयी ऐकावयास आलात, याबद्दल आम्हांला प्रथम आपले आभार मानले पाहिजेत. विषय रूक्ष आहे अशी त्याची ख्याती आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तरीही तो निवडला, याला कारण आमच्या शेजारच्या एक आजी आहेत.

या आजींच्या नातवाने वर्तमानपत्रात वाचून त्यांना सांगितले, की अमेरिकेला जाणारा हापूस आधी किरणांच्या कारखान्यात नेतात आणि त्यावर अणूचे किरण सोडतात. आजींनी आम्हांला ओसरीवरून हाक मारली आणि विचारले, "काय हो, ते किरण आंब्यात शिरतात म्हणे. मग ते बाहेर कधी येतात?" आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोच तेथे बसलेले आमचे एक सुशिक्षित स्नेही म्हणाले, "आजी, किरणांचे काय एवढे! शिशाची जाडजूड भिंत मध्ये उभी केली, की सगळे किरण अडतात. अडले म्हणजे भय संपले."

आजींची शंका आणि आमच्या स्नेह्यांचे समाधान, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. जो किरण खोलवर शिरतो तो वाईट, आणि जो वाटेतच अडतो तो निरुपद्रवी, अशी ती समजूत. ही वरवर पाहता अगदी शहाणपणाची वाटते. पण हिच्यापायी माणसे मेलेली आहेत. म्हणून आज तिचीच थोडी तपासणी करावयाची आहे.

प्रथम या किरणांची ओळख करून घेऊ. त्यांचा शोधच मुळी भेदकतेमुळे लागला. १८९६ साली पॅरिसमध्ये आंरी बेकरेल या शास्त्रज्ञाने छायाचित्राची काच काळ्या जाड कागदात गुंडाळली, तिच्यावर युरेनियमचा क्षार ठेवला आणि ते सर्व खणात ठेवून दिले. सूर्याच्या उन्हात ठेवावयाचे, तर आभाळ भरून आलेले होते. काही दिवसांनी काच धुऊन पाहिली तो तीवर क्षाराची आकृती उमटलेली! अंधाऱ्या खणात, काळ्या कागदाच्या आतवर, प्रकाशाचा एक किरणही न पोहोचता हे घडले होते. युरेनियममधून आपोआप काहीतरी निघत होते आणि ते कागदातून पार होत होते.

हे काहीतरी एकच आहे की अनेक, हे ठरविले अर्नेस्ट रदरफर्ड यांनी. त्यांची युक्ती आपल्या घरातील चाळणीसारखी साधी होती. युरेनियमवर ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा एक थर, मग दुसरा, मग तिसरा असे ठेवीत जावयाचे आणि वर किती किरण पोहोचतात ते मोजावयाचे. असे दिसले, की पहिल्या थोड्या वर्खांतच किरणांचा एक वाटा साफ गळून पडतो. परंतु उरलेला वाटा मात्र पुष्कळ अधिक वर्ख ठेवले तरी चिवटपणे पुढे येत राहतो. म्हणजे किरण दोन जातींचे होते. १८९९ साली त्यांनी पहिल्यास आल्फा आणि दुसऱ्यास बीटा असे नाव दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हिलार यांना तिसरी आणि सर्वांत भेदक जात सापडली. तिला पुढे गॅमा हे नाव मिळाले. ही ग्रीक वर्णमालेतील पहिली तीन अक्षरे. तेव्हा या किरणांचे बारसे झाले तेच मुळी त्यांच्या शिरकावाच्या क्रमाने झाले.

आता हे किरण पदार्थात अडतात म्हणजे काय होते? भिंतीवर चेंडू आपटावा तसे ते आपटत नाहीत. अणूच्या आत बहुतेक जागा मोकळीच असते. किरण त्या मोकळ्या जागेतून धावतो, आणि धावता धावता वाटेतील अणूंचे इलेक्ट्रॉन उखडतो. प्रत्येक वेळी त्याच्या जवळच्या ऊर्जेतील थोडी खर्च होते. आपण असे समजू, की घरून निघताना प्रत्येक किरणाच्या खिशात काही पुंजी घातलेली आहे. ती संपली की त्याचा प्रवास संपला. कोणी उधळ्या असतो, तो पहिल्याच गल्लीत सारे पैसे उडवून मोकळा होतो. कोणी काटकसरी असतो, तो मैलभर चालला तरी खिसा हलका होत नाही. किती दूर गेला यावरून तो किती श्रीमंत होता हे कळत नाही. तो कसा खर्च करतो एवढेच कळते. आणि ज्या गल्लीत उधळपट्टी झाली, त्या गल्लीचे काय झाले हा प्रश्न निराळाच राहतो. हे उखडलेले इलेक्ट्रॉन आपल्या शरीराच्या पेशीतले असले, म्हणजे पेशीची नाजूक घडण मोडते. त्यालाच आपण किरणांची इजा म्हणतो.

उधळ्या तो आल्फा. हा वस्तुतः हेलियमच्या अणूचा गर्भ आहे. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचे जड गाठोडे. रेडियममधून निघताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५ हजार किलोमीटर असतो. इतका वेगवान कण किती दूर जाईल असे आपल्याला वाटते? हवेत अवघे तीन-चार सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटांच्या लांबीइतकेही नाही. विद्युद्भार दुप्पट आणि अंग जड, म्हणून पावलोपावली तो अणू मोडीत जातो. एवढ्याशा अंतरात तो लाखाहून अधिक इलेक्ट्रॉन उखडतो. लिहावयाच्या कागदाने तो अडतो. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या पेशींच्या पापुद्र्यानेही तो अडतो, कारण शरीरात त्याची धाव मिलिमीटरच्या चार-पाच शतांशांहून अधिक नसते.

तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या न्यायाने आल्फा किरण म्हणजे अगदी गरीब गाय. शिशाची भिंत कशाला, वर्तमानपत्र पुरे! आता हा न्याय अमेरिकेतील काही मुलींच्या वाट्याला कसा आला ते ऐका.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्या रंगविण्याचा कारखाना होता. अंधारात चमकणारे आकडे काढावयाचे, त्यासाठी रंगात रेडियम मिसळलेले असे. आकडे बारीक, तेव्हा कुंचल्याला टोक हवे. रंगविणाऱ्या तरुण मुलींना ते टोक ओठांत धरून करावयास शिकविले होते. एक आकडा काढला, कुंचला ओठांत. पुन्हा रंग, पुन्हा ओठ. असे दिवसभर चाले. काही वर्षांनी त्यांचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली, पंडुरोग जडला, कित्येकींना मृत्यू आला. रेडियम हे रसायनदृष्ट्या कॅल्शियमचे भावंड. शरीर त्याला चुना समजून हाडांत नेऊन बसविते. आणि ते १,६०० वर्षांत कोठे निम्मे होते! हाडात बसलेल्या त्या कणांतून आल्फा किरण सुटत राहिले. तेथे ना कागद होता, ना कातडीचा मेलेला पापुद्रा. त्यांनी आपली सारी पुंजी मिलिमीटरच्या चार-पाच शतांशांत, म्हणजे थेट जिवंत पेशींत, उधळली. त्यांपैकी पाच जणींनी कारखान्यावर दावा लावला आणि १९२८ साली त्यांना भरपाई मिळाली, परंतु गेलेले आयुष्य काही मिळाले नाही.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी. तेच घड्याळ मनगटाला बांधून हिंडणाऱ्या सैनिकाला आल्फा किरणांचा काही उपद्रव नव्हता. वरच्या काचेने ते सगळे अडविले होते. त्या रेडियमबरोबर येणारे थोडे गॅमा किरण काचेतून बाहेर पडत हे खरे. पण जबडा झिजला तो घड्याळ घालणाऱ्याचा नव्हे, रंगविणारीचा. पदार्थ एक, किरण एक. फरक इतकाच, की एकाच्या बाबतीत तो अंगाबाहेर होता आणि दुसरीच्या अंगात. जो किरण कागदाने अडतो, तोच आत शिरला असता सर्वांत क्रूर ठरतो. आणि क्रूर ठरतो तो अडतो म्हणूनच.

आता बीटा. हा म्हणजे वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन. आल्फाच्या मानाने सात हजारांहून अधिक पट हलका. त्यामुळे त्याचा खर्च बेताचा, पण वाट मात्र सरळ नाही. गर्दीत शिरलेल्या पोरासारखा तो इकडून तिकडे ढकलला जातो. जोरकस बीटा किरण हवेत काही मीटर जातो, पाण्यात किंवा मांसात सुमारे एक सेंटीमीटर, आणि ॲल्युमिनियमच्या काही मिलिमीटर जाडीच्या पत्र्याने अडतो. म्हणजे तो कातडीत पोहोचतो, पण काळजापर्यंत जात नाही. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीची आग विझविणाऱ्या बंबवाल्यांच्या कातडीवर भाजल्यासारख्या भयंकर जखमा झाल्या, त्यांत अंगावर बसलेल्या धुळीतील बीटा किरणांचा मोठा वाटा होता.

बीटा अडवावयाचा तर आमचे स्नेही लगेच शिशाकडे धावतील. येथे मात्र गंमत आहे. इलेक्ट्रॉन शिशासारख्या जड अणूंजवळून जाताना एकदम वळतो, मंदावतो, आणि त्याच्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे एक चोर पकडावयास गेलो आणि त्याने खिडकीतून दुसरा, अधिक चपळ चोर पळवून लावला! म्हणून प्रयोगशाळांतून जोरकस बीटा किरणांपुढे प्रथम प्लॅस्टिकसारख्या हलक्या पदार्थाचा पडदा धरतात आणि शिसे लागलेच तर त्याच्यामागे ठेवतात. जड ते सर्वत्र श्रेष्ठ, असे येथे चालत नाही.

हाच लवकर अडण्याचा गुण रोग्याच्या उपयोगी कसा पडतो, तेही पाहण्यासारखे आहे. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती रक्तातील आयोडीन वेचून घेते. या ग्रंथीच्या काही विकारांत रोग्याला किरणोत्सारी आयोडीन, १३१ क्रमांकाचे, पोटात देतात. ते ग्रंथीत जाऊन बसते. त्यातून निघणारे बीटा किरण दोन-एक मिलिमीटरच्या आत आपली पुंजी खर्च करतात, म्हणजे बिघडलेल्या पेशींचा नाश करतात आणि भोवतालच्या अवयवांस फारसा धक्का लावीत नाहीत. त्याच आयोडीनमधून गॅमा किरणही निघतात. ते गळ्यातून पार बाहेर येतात, आणि बाहेर ठेवलेल्या यंत्राला ग्रंथीची खबर देतात. एकाच अणूचे हे दोन किरण. जो दूर जात नाही तो वैद्य होतो, जो दूर जातो तो निरोप्या होतो. गॅमा बाहेर येतात म्हणूनच मोठी मात्रा घेतलेल्या रोग्याला काही दिवस इतरांपासून वेगळे ठेवावे लागते.

या निरोप्याकडे आता वळू. गॅमा किरण हा कण नव्हे असे म्हटले तरी चालेल. तो प्रकाशाच्याच कुळातला आहे, क्ष-किरणांचा थोरला भाऊ. त्याला विद्युद्भार नाही. त्यामुळे तो वाटेत पैसा पैसा खर्च करीत जात नाही. तो लांबवर काहीही न देता, न घेता जातो, आणि मग एखाद्या अणूशी गाठ पडली की एकदम मोठा व्यवहार करतो. ती गाठ कोठे पडेल हे आधी सांगता येत नाही; केवळ संभव सांगता येतो. म्हणून आल्फाप्रमाणे "इतक्या अंतरावर गॅमा थांबतो" असे वाक्य बोलताच येत नाही. बोलता येते ते असे, की अमुक जाडीत निम्मे किरण गळतात. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांसाठी ही जाडी शिशाची सुमारे १.२ सेंटीमीटर, काँक्रीटची सुमारे ६ सेंटीमीटर आणि पाण्याची सुमारे ११ सेंटीमीटर भरते.

एका थराने निम्मे, दोन थरांनी पाव, तीन थरांनी आठवा हिस्सा. असे दहा थर रचले म्हणजे हजारात एक किरण उरतो. वीस थरांनी दहा लाखांत एक. प्रत्यक्षात जाड भिंतीत आडवेतिडवे उडालेले किरणही फिरून पलीकडे येतात, म्हणून भिंत या हिशेबापेक्षा थोडी अधिक जाडच बांधावी लागते. पण तात्पर्य असे, की गॅमापुढे भिंत म्हणजे बंद दार नव्हे. ती गाळणी आहे. किती गाळले म्हणजे पुरे, हे आपण ठरवावयाचे.

आता आजींच्या आंब्याकडे येऊ. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' नावाचे केंद्र २००२ साली सुरू झाले. लासलगाव कांद्याचे गाव. कांद्याला मोड येऊ नयेत हा तेथला मूळ विचार. पुढे २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले, ते आंब्यावर असे किरण सोडण्याच्या अटीवर. तेथील शेतकऱ्यांना भीती होती ती आपल्या फळमाशीची आणि कोयीत दडून बसणाऱ्या भुंग्याची. आता विचार करा, कोयीतल्या भुंग्यापर्यंत पोहोचावयाचे, तर आल्फा सालीवरच अडेल, बीटा गरात बुडेल. कोयीपर्यंत जाऊन पलीकडे निघावयास गॅमाच हवा. म्हणून जाड काँक्रीटच्या खोलीत कोबाल्ट-६० च्या कांड्या असतात. काम नसले, की त्या खोल पाण्याच्या टाकीत उतरवून ठेवतात. पाणीच त्यांचे पांघरूण.

आणि ते किरण बाहेर कधी येतात? आजी, ते थांबलेलेच नसतात! गॅमा हा प्रकाश आहे. जे पार गेले ते गेले. जे अडले त्यांची ऊर्जा अणूंना मिळून ते नाहीसे झाले. रात्री दिवा मालवल्यावर उजेड कोनाड्यात साठून राहत नाही, तसेच हे आहे. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा आंब्यातील अणूंच्या गर्भाला धक्का लावण्याइतकी नाही, म्हणून आंबा स्वतः किरणोत्सारी होत नाही. कोबाल्ट त्याला शिवलेलाही नसतो. क्ष-किरणांनी छाती तपासून घेतलेला माणूस जसा घरी येऊन घरच्यांवर क्ष-किरण सोडीत नाही, तसाच हा आंबा.

परंतु आंब्याला निर्धोक म्हटले म्हणून कोबाल्टला निर्धोक म्हणू नये. २०१० सालच्या एप्रिल महिन्यात दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारबाजारातील काही माणसे आजारी पडू लागली. शोध घेता कळले, की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील, १९८५ पासून न वापरलेले एक उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होते. कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मे होते. उपकरण आणल्याला सुमारे चाळीस वर्षे झाली होती, म्हणजे ते सातांहून अधिक वेळा निम्मे होऊन मूळच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी उरले होते. तेवढेही पुरेसे ठरले. भंगारात उपकरण उकलले, शिशाचे कवच दूर झाले, कोबाल्ट उघडे पडले. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर काही जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. भंगारवाल्याच्या दृष्टीने शिसे हा विकण्याजोगा माल होता. ते शिसेच आपले रक्षण करीत आहे, हे त्या गरिबांना कोणी सांगितले नव्हते. भेदक किरणांना चव नाही, वास नाही, ऊब नाही. म्हणून पिवळ्या जमिनीवरील तीन पाकळ्यांची ती खूण आपल्या मुलांना ओळखता आली पाहिजे, आणि जड, न उघडणारे शिशाचे डबे भंगारात दिसले तर हातोडा न उचलता पोलिसांना कळविले पाहिजे.

शिशाची इतकी थोरवी सांगितल्यावर आमचे स्नेही आता निवांत बसले असतील. त्यांची क्षमा मागून एक शेवटचा पाहुणा सभेत आणतो. तो म्हणजे न्यूट्रॉन.

१९३० साली जर्मनीत बोथे आणि बेकर यांना असे दिसले, की बेरिलियम या धातूवर आल्फा किरण सोडले असता एक फार भेदक किरण निघतो. शिशाचे जाड पत्रे मध्ये धरले तरी तो निघून जाई. सगळ्यांना वाटले, हा गॅमाच. १९३२ च्या जानेवारीत पॅरिसच्या जोलिओ-क्यूरी दांपत्याने या किरणाच्या वाटेत मेण ठेवले, म्हणजे आपल्या मेणबत्तीचे पॅराफिन. तो काय, मेणातून प्रोटॉन फटाफट बाहेर उडू लागले! केंब्रिजच्या चॅडविक यांनी ओळखले, की हा गॅमा नव्हे. हा प्रोटॉनच्याच वजनाचा, पण विद्युद्भार नसलेला कण आहे. फेब्रुवारी १९३२ मध्ये त्यांनी तसे जाहीर केले.

शिशाला न जुमानणारा हा कण मेणाला का शरण जावा? याचे उत्तर गोट्या खेळलेल्या कोणाही मुलाला ठाऊक आहे. गोटी पाट्यावर आपटली तर उलट उडते. तिचा वेग कायम राहतो. पण ती तेवढ्याच दुसऱ्या गोटीवर नेमकी बसली, तर आपण जागीच थांबते आणि समोरची पळते. न्यूट्रॉनला शिशाचा अणुगर्भ म्हणजे पाटा. दोनशेहून अधिक पट जड. हायड्रोजनचा गर्भ, म्हणजे एकटा प्रोटॉन, ही मात्र बरोबरीची गोटी. हिशेब असा आहे, की वेगवान न्यूट्रॉनला अगदी मंद करावयास हायड्रोजनशी सरासरी १८ टकरी पुरतात. शिशाशी सुमारे १,९०० लागतात. म्हणून न्यूट्रॉनपुढे ज्यात हायड्रोजन आहे ते हवे: मेण, पाणी, काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी. मंदावलेला न्यूट्रॉन टिपावयास बोरॉन किंवा कॅडमियम उपयोगी पडते. आणि टिपताना पुन्हा गॅमा सुटतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी जाडी लागते ती लागतेच.

हे सारे एका जागी पाहावयाचे तर आपल्या 'अप्सरे'चे उदाहरण घ्या. मुंबईच्या ट्रॉम्बे भागात ४ ऑगस्ट १९५६ रोजी आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली, आणि २००९ पर्यंत ती चालली. ती सुमारे ८ मीटर खोल पाण्याच्या हौदात बुडविलेली होती. तेच पाणी न्यूट्रॉनांना मंदावी, तेच वर उभ्या राहणाऱ्या माणसाचे किरणांपासून रक्षण करी. कठड्यावरून खाली पाहिले तर तळाशी निळसर प्रभा दिसे. त्या निळाईवरून पंडित नेहरूंनी तिला ते नाव दिले. आपल्या विहिरीत असते तेच पाणी ते. शिशाच्या भिंतीने जे साधले नसते, ते या पाण्याने केले.

येथे आजींना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांची शंका आंब्याविषयी चुकीची असली, तरी निरर्थक नव्हती. न्यूट्रॉन अणूच्या गर्भात शिरून तेथे मुक्काम करू शकतो, आणि मग तो अणू स्वतःच किरणोत्सारी होतो. भट्टीच्या आत राहिलेले पोलाद म्हणूनच पुढे वर्षानुवर्षे जपून ठेवावे लागते. किरण आत जाऊन राहतात ही भीती गॅमाविषयी खोटी, न्यूट्रॉनविषयी खरी. प्रश्न बरोबर होता. पाहुणा कोण ते विचारावयाचे राहिले होते.

आता आमच्या मूळ प्रश्नाचा निकाल लावू. भेदक तेच घातक असते, तर आपण कोणीच या सभेत जिवंत नसतो. बीटा किरणांच्या जन्माबरोबर न्यूट्रिनो नावाच्या कणाच्या जातीचाही जन्म होतो. तो साऱ्या पृथ्वीतून सहज आरपार जातो. सूर्याकडून येणारे असे कण आपल्या अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरातून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी जात आहेत, आम्ही बोलत असतानासुद्धा. त्यांना पकडावे म्हणून १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, भारतीय, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ यंत्रे मांडून बसले होते, आणि वातावरणात जन्मलेल्या काही मोजक्या न्यूट्रिनोंच्या खुणा त्यांना मिळाल्या. याहून भेदक असे ज्ञात काही नाही. आणि याहून निरुपद्रवीही नाही. कारण तो आपल्या अंगात एक छदामही खर्च करीत नाही.

म्हणून किरण किती खोल जातो हे विचारून थांबू नये. तीन प्रश्न विचारावेत. किरण कोणत्या जातीचा? त्याचा उगम अंगाबाहेर आहे की अंगात जाऊ शकेल असा आहे? आणि मध्ये काय आहे? उगम बाहेर असेल तर गॅमा आणि न्यूट्रॉन यांची धास्ती अधिक. तेथे भिंत, अंतर आणि थोडा वेळ हेच तारक. अंतर दुप्पट केले की मारा चौथाईवर येतो, हे भिंतीहून स्वस्त औषध आहे. पण किरणोत्सारी धूळ, अन्न वा पाणी अंगात जात असेल, तर तेथे आल्फा आणि बीटा यांचे राज्य; तेथे भिंतीचा काही उपयोग नाही. तेथे हात धुणे, कपडे बदलणे, उघड्यावरचे न खाणे, दारेखिडक्या लावून घेणे हेच संरक्षण. अणुअपघाताच्या वेळी "घरात थांबा, खिडक्या बंद करा" असे सांगतात, त्यात दोन्ही गोष्टी आल्या. भिंत गॅमासाठी, बंद खिडकी धुळीसाठी. त्या वेळी देतात ती आयोडीनची गोळीसुद्धा किरणोत्सारी आयोडीनला ग्रंथीत जागा मिळू नये एवढ्यापुरती असते. ती भिंतीचे काम करीत नाही.

ऑरेंज गावच्या मुलींना कोणी भिंतीआड बसविले नाही म्हणून त्या गेल्या नाहीत; कुंचला ओठांत धरू नका, एवढे चार शब्द कोणी सांगितले नाहीत म्हणून गेल्या. मायापुरीच्या कामगाराला ज्ञानाचे मोठे ग्रंथ नको होते. त्या डब्यावरची खूण ओळखता येणे पुरे होते. ही विद्या प्रयोगशाळेच्या कुलपात राहिली तर तिचा उपयोग अर्धाच. ती ओसरीवर आली पाहिजे.

आजींना आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे माणसासारखेच झाले. दूर हिंडणारा वाईट असे नाही, आणि घरात बसलेला भला असेही नाही." आमच्या तासाभराच्या व्याख्यानाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले. त्यानंतर आम्ही अधिक काही बोलणे शोभणार नाही.